सरकारनेच पगार का दिला नाही? आधी ठरवा, द्यायचा कोणाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२० च्या टाळेबंदीत जर्मनी, ब्रिटन या देशांनी बंद पडलेल्या कंपन्यांतल्या लोकांचा पगार सरकारी तिजोरीतून दिला. आपल्याकडे केंद्राने मालकांना ‘पगार कापू नका’ असा आदेश काढला आणि दीड महिन्यात तो मागे घेतला. काही राज्यांनी तर कामगार कायदेच बाजूला ठेवले, आणि लाखो माणसं पायी गावाकडे निघाली. विकसनशील देशाला याहून जास्त परवडतच नाही का, आणि पुन्हा साथ आली तर सगळ्यात आधी काय करायला हवं? शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडिलांचं भोसरीला चौदा माणसांचं वर्कशॉप आहे आणि त्या काळात त्यांना एकाही योजनेचा फायदा झाला नाही.

मी पिंपरी-चिंचवड भागात कामगार कायद्याचं काम करतो. निम्मं काम लहान कारखानदारांचं: पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), हजेरीपत्रकं. उरलेलं निम्मं मजूर नाक्यावरच्या लोकांच्या नोंदणीचं आणि थकलेल्या मजुरीचं. दोन्ही बाजूंचे कागद हाताळत असल्यामुळे तुमच्या प्रश्नातला जाता जाता लिहिलेला भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परवडण्याचा मुद्दा खोटा नाही. पण तिजोरी भरलेली असती, तरी तुमच्या वडिलांच्या चौदा माणसांपर्यंत पैसे पोहोचवायला सरकारकडे रस्ता नव्हता. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे: साथीत कामगाराला मिळतं ते साथीच्या आधी तो कुठल्या यादीत होता त्यावर, आणि त्या यादीत त्याचा पत्ता कुठला होता त्यावर.

जर्मनीची योजना घ्या. कंपनी काम कमी करते, रोजगार कार्यालयाकडे अर्ज करते, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के (मूल असेल तर ६७ टक्के) रक्कम सरकार देतं. ब्रिटनने ८० टक्के दिली, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड. हे इतक्या झटपट जमलं, कारण कोणाचा पगार किती याचा महिन्याचा हिशोब तिथल्या सरकारी यंत्रणेकडे आधीपासून होता. आपल्याकडे दहातले नऊ कामगार असंघटित. लेखी नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, पीएफ नाही. हे एकट्या भारताचं दुखणंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे २०० कोटी लोक असं अनौपचारिक काम करतात, आणि त्यांतल्या १६० कोटींच्या रोजीरोटीवर घाव बसल्याचा अंदाज या संघटनेने एप्रिल २०२० च्या अखेरीस दिला होता. ज्याचा पगारच कुठे लिहिलेला नाही, त्याच्या पगाराचे ८० टक्के कशाचे काढणार?

सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असंही नाही. टाळेबंदी २४ मार्चच्या मध्यरात्री लागली आणि २६ मार्चला १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर झालं. त्यात माणशी ५ किलो धान्य, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये, पीएफची सवलत, बांधकाम मजुरांच्या कल्याण निधीतून मदत आणि रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) मजुरीत वाढ होती. आता हेच पॅकेज यादीच्या नजरेने वाचा. रेशनची यादी, जनधनची यादी, पीएफची यादी, बांधकाम मंडळाची यादी, जॉबकार्डाची यादी. जे हातात होतं त्यावरच भागवलं, आणि अशा वेळी दुसरं काही करताही येत नाही. पण प्रत्येक यादीला भोकं होती, आणि ती साथीच्या कितीतरी आधीची होती.

पीएफपासून सुरुवात करतो, कारण पगाराला सर्वांत जवळची मदत तीच. सरकारने मालकाचा १२ आणि कामगाराचा १२ असा २४ टक्के हिस्सा भरायचं ठरवलं. अटी दोन: माणसं शंभरपर्यंत हवीत आणि त्यांतल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या आत हवा. पीएफ कायदा लागू होतो २० माणसांना. म्हणजे चौदा माणसांचं वर्कशॉप दारातच अडलं. जे आत शिरले त्यांचं काय? १२ हजार पगार असेल तर २४ टक्के म्हणजे २,८८० रुपये. तेही आधी पगार दिला, चलन भरलं तर. ज्याच्याकडे एप्रिलमध्ये एक रुपयाची विक्री नव्हती, त्याने आधी १२ हजार कुठून आणायचे? चालू राहू शकणाऱ्यांना ही सवलत बरी होती, बंद पडलेल्यांना कागदापुरती. दुसरी सवलत होती पीएफमधून तीन महिन्यांचं वेतन किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी ते काढण्याची. माझ्याकडच्या अनेकांनी ते काढले आणि त्यांचं घर त्यावर चाललं, हे नाकारत नाही. पण तो त्यांचाच म्हातारपणाचा पैसा. त्याला सरकारी मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्या मते खरी संधी हुकली ती ईएसआयच्या बाबतीत. ईएसआय दहा माणसांपासून लागू होतो, २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. दर महिन्याला माणूसनिहाय पगाराचा तपशील तिथे भरला जातो, म्हणजे जर्मनीवाल्यांकडे असते तशी नोंद आपल्याकडेही एका कोपऱ्यात आहे. बेकारी भत्त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही होती. ऑगस्ट २०२० मध्ये तिचा दर सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के केला, ९० दिवसांपर्यंत. योजना म्हणून चांगली. पण दावा कामगाराने स्वतः करायचा. ज्याला आपला विमा क्रमांकच ठाऊक नाही, कार्ड ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये आणि माणूस गोरखपूरला, तो दावा कसा करणार? पैसे आपणहून खात्यात जायला हवे होते. बंद आस्थापनांची यादी आणि विमाधारकांची यादी शेजारी ठेवली की काम होण्यासारखं होतं.

आता त्या आदेशाबद्दल. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सांगितलं की बंद काळातही पूर्ण पगार द्या, कपात करू नका, आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. हेतू चांगला होता. पण यात सरकारने स्वतःची जबाबदारी मालकाच्या खिशातून उचलली. मोठ्या कंपनीने ती पेलली. ज्या कंपनीकडून बिलाचे पैसे एरवीच नव्वद दिवसांनी येतात, तिला माल पुरवणारा भोसरीतला वर्कशॉपवाला कुठून पेलणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १८ मेपासून आदेश उठला, आणि १२ जूनला न्यायालयाने सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी बसून तोडगा काढावा. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या लहान मालकांना मी तेच सांगत होतो. मार्चचा पूर्ण पगार द्या, कारण मार्च बहुतेक भरलेला आहे. एप्रिलचं बोला, पण तोंडी नको. किती आता, किती नंतर आणि कुठल्या तारखेला, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. ज्यांनी असं लिहून दिलं त्यांची माणसं जूननंतर तुलनेने लवकर परतली, असा माझा अनुभव. पण हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर होतं. औषधांच्या पॅकिंगवाल्याकडे काम थांबलंच नव्हतं. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्याकडे काहीच नव्हतं. एक आदेश दोघांना पुरत नाही.

ठेकेदाराच्या माणसांचं याहून वाईट झालं. कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालक देणं लागतो. कंत्राटी कामगार कायद्यात हे १९७० पासून लिहिलेलं होतं. पण सिद्ध काय करणार? हातात कंपनीचा गेटपास, पगाराचा कागद शून्य, ठेकेदाराचा फोन बंद. त्या काळात मी ज्यांची मजुरी मिळवून देऊ शकलो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेलं होतं. कोणी सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या हजेरीचे फोटो जपून ठेवले होते.

कामगार कायदे स्थगित करण्याबद्दल तुम्ही विचारलंय की त्याने उद्योग वाचले का. उत्तर प्रदेशने बहुतेक कायद्यांतून तीन वर्षं सूट देणारा अध्यादेश मंजूर केला, मध्य प्रदेशने मोठ्या सवलती दिल्या. गुजरातने १७ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेने कारखान्यांना १२ तासांची पाळी चालवू दिली, तीही जादा तासांचा दुप्पट दर न देता. या शेवटच्या गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला: साथीमुळे आलेली आर्थिक अडचण ही कारखाने कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ होत नाही, अधिसूचना रद्द, आणि जादा तासांचे पैसे द्या.

कोर्टाचा निकाल बाजूला ठेवला तरी रोग एक आणि औषध दुसरंच असा हा प्रकार होता. एप्रिल-मे २०२० मध्ये माझ्याकडे आलेल्या एकाही कारखानदाराने ‘मला माणूस काढायची मोकळीक हवी’ असं म्हटलं नाही. त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं होतं: बँकेचा हप्ता, वीजबिलातला स्थिर आकार, अडकलेली बिलं, आणि गेलेली माणसं परत कशी आणायची. ज्याच्याकडे माणूसच उरलेला नाही, त्याला माणूस काढण्याचा हक्क देऊन काय उपयोग? १२ तासांच्या पाळीमागे थोडंफार तर्कशास्त्र होतं हे मान्य करतो. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बाराच्या दोन केल्या की ये-जा आणि गर्दी कमी होते. काही राज्यांनी दुप्पट दर कायम ठेवून ती मुभा दिली, ते समजण्यासारखं होतं. दुप्पट दर काढून टाकणं हे साथीचं निमित्त झालं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारपैकी उरलेल्या तीन कामगार संहिताही मंजूर केल्या. कामगार कपात करण्यापूर्वी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. ते बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. माझं मत मिश्र आहे. पण त्याला साथीचा उपाय म्हणून गृहीत धरू नका. ती चर्चा साथीच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

पायी निघालेल्या लोकांकडे येतो. इथे यादीतल्या पत्त्याचा मुद्दा सगळ्यात उघडा पडला. उत्तरेकडचा मजूर भोसरीत राबतो, पण कागदोपत्री तो त्याच्या गावीच असतो. रेशनकार्ड तिथे, मतदान तिथे, जॉबकार्ड तिथे, बायकोच्या जनधन खात्यातले ५०० रुपयेही तिथेच. शहरात त्याचं म्हणून फक्त काम आणि भाड्याची खोली. काम २५ मार्चला गेलं. खोलीचं भाडं न मागण्याचा आदेश पत्र्याच्या चाळीत कोण बजावणार होतं? लोक का निघाले यावर बरंच भावुक लिहिलं गेलंय. हिशोब साधा होता: गावी भाडं नाही आणि रेशन आहे. रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने मोफत धान्य द्यायची घोषणा झाली १४ मे रोजी. त्याच्या दोन आठवडे आधी, १ मेपासून, श्रमिक रेल्वे सुरू झाल्या होत्या. आणि ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले, थकून रुळावरच झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेवर ते निघाले होते. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत गावी परतलेल्यांचा आकडा सांगितला: एक कोटी चार लाखांवर. वाटेत किती मेले याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचंही त्याच अधिवेशनात सांगितलं.

कायदा नव्हता का? होता, १९७९ पासून. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराचा परवाना, कामगाराच्या फोटोसह पासबुक, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, सगळं लिहिलेलं होतं. ते पासबुक प्रत्यक्षात मी क्वचितच पाहिलं. कारण व्याख्येत होतं. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून भरती करून आणलेला तो स्थलांतरित. स्वतःहून आला तो नाही. मग प्रत्येक ठेकेदार एकच उत्तर द्यायचा, ‘साहेब, हे आपले आपण आलेत.’ नव्या संहितेत स्वतःहून आलेलाही धरला आहे, ही सुधारणा खरी. पण सोबत आस्थापनेची मर्यादा पाचवरून दहा कामगारांवर नेली, म्हणजे एका हाताने दिलं त्यातलं थोडं दुसऱ्याने घेतलं.

याच्या शेजारी ऊसतोड कामगारांचं उदाहरण ठेवून बघा. टाळेबंदी लागली तेव्हा गाळप हंगाम संपत आला होता आणि बीड, नगरकडचे लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. त्यांच्या जेवणाची, राहण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली गेली, आणि १७ एप्रिलला राज्य सरकारने आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जायची परवानगी दिली. हालअपेष्टा झाल्याच, सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही. तरी शहरातल्या मजुरांच्या दोन आठवडे आधी त्यांचा मार्ग लागला. माझ्या मते त्यामागे एक कारण असं की त्यांची मोजदाद झालेली होती. कुठल्या मुकादमाच्या टोळीत किती कोयते (तोडणीच्या जोड्या), कोणाचं गाव कुठलं, कोणी किती उचल घेतली, हे वहीत होतं. कर्जवसुलीसाठी ठेवलेली वही सरकारी नोंदणीपेक्षा पक्की निघाली, यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, पण धडा त्यात आहे.

बांधकाम कामगारांची यादी तर खास त्यांच्यासाठीच. १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो. मार्च २०२० मध्ये केंद्राने सांगितलं की देशभरच्या मंडळांकडे सुमारे ३१ हजार कोटी रुपये पडून आहेत आणि साडेतीन कोटी कामगार नोंदलेले आहेत, ते पैसे त्यांना द्या. महाराष्ट्राने एप्रिलमध्ये नोंदीत कामगाराच्या खात्यात २,००० रुपये टाकले. नाक्यावर त्या दिवसांत नुसत्या फोनवर चौकशा: ‘माझे आले का?’ ज्याचं नूतनीकरण चालू होतं त्याचे आले. ज्याचं सहा महिन्यांपूर्वी संपलं होतं त्याचे नाही, माणूस तोच आणि काम तेच असलं तरी.

नोंदणी का राहते? अट आहे वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्याची. नाक्यावरचा माणूस आज एका मिस्त्रीकडे, उद्या दुसऱ्याकडे. नव्वद दिवसांवर सही कोण करणार? सही केली की आपण मालक ठरू, या भीतीने कोणी करत नाही. मग मध्यस्थ उभे राहतात आणि ज्याने आयुष्यात घमेलं उचललं नाही त्याचंही नाव यादीत चढतं. म्हणजे उपकर आपोआप गोळा होतो, आणि यादी मात्र कामगाराने दरवर्षी पायपीट करून जिवंत ठेवायची.

हे उलटं करता येतं, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा. बाजारातला हमालही एका मालकाचा नसतो, दिवसाला दहा व्यापाऱ्यांची पोती उचलतो. त्यावर तोडगा असा काढला की व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) माथाडी मंडळात भरायची. मंडळ मजुरी देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस सांभाळणार. कामगार टोळीने नोंदलेला. मजुरी मंडळातून जाते म्हणून यादी रोज ताजी राहते. या मंडळांबद्दलच्या तक्रारी मला ठाऊक आहेत, माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे मी जवळून पाहिलेत. तरीही मालक अनेक असलेल्या कामगारासाठी याहून चांगली रचना आपल्याकडे दुसरी नाही. शहरात डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचं कामही याच जातीचं आहे, आणि तिथे तर प्रत्येक फेरीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर आपसूक होत असते.

सगळ्यांत कमी गाजावाजा होऊन सगळ्यांत जास्त कामाला आली ती रोहयो. २०२०-२१ साठी ६१,५०० कोटी ठेवले होते, वर ४० हजार कोटी वाढवले. आदल्या वर्षी २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालं होतं, त्या वर्षी सुमारे ३८९ कोटी झालं. महाराष्ट्रात मजुरी २०६ वरून २३८ रुपये झाली. मजुरी कमी, पैसे उशिरा, मागेल तितकं काम मिळालं नाही, या सगळ्या तक्रारी रास्त. पण परतलेल्या माणसाला ग्रामपंचायतीत जाऊन ‘काम द्या’ म्हणता आलं, कारण जॉबकार्डाची यंत्रणा आधीपासून उभी होती. ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात राबवली गेली, वि. स. पागे तिचे जनक, आणि १९७७ च्या कायद्याने ती हक्क झाली. तुमच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावला गेला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या हमीसाठी द्यायचा पैसा होता तो. शहरातल्या मजुराला मात्र अशी हमी कुठली? केरळमध्ये शहरी योजना २०१० पासून आहे. ओडिशा, झारखंड यांनी २०२० मध्ये सुरू केली. राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्याच्या शहरांत २०२० साली तिचा पत्ता नव्हता.

परिणाम देशाच्या आकडेवारीत दिसतो. शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये ४६.५ झाला. विकसनशील देशाचं सगळं अर्थशास्त्र माणूस शेतीतून बाहेर कसा येईल यावर उभं आहे, आणि इथे गाडी उलटी फिरली. बेकारीचा दर फार दिवस भयानक दिसला नाही, तो यामुळेच. शेतावर भावाच्या हाताखाली उभा राहिला की माणूस बेकार गणला जात नाही.

बाहेरच्या देशांचं विचारलंत. ब्राझीलने एप्रिल २०२० पासून महिना ६०० रेआल (तिथलं चलन) दिले, एकट्या आईच्या कुटुंबाला दुप्पट, सुमारे पावणेसात कोटी लोकांना. त्यांच्याकडे गरीब कुटुंबांची एक जुनी नोंदवही होती आणि तीत नसलेल्यांसाठी मोबाईल अ‍ॅप काढलं. टोगो हा आफ्रिकेतला अगदी लहान देश. त्याने मतदारयादी वापरली, कारण तीत माणसाचा व्यवसायही लिहिलेला होता, आणि साध्या फोनवर पैसे पाठवले. बांगलादेशने निर्यातदार कारखान्यांना पगारासाठी ५ हजार कोटी टाकांचं स्वस्त कर्ज दिलं, अट अशी की पगार थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाईल खात्यात जाईल. तिघेही श्रीमंत नाहीत. म्हणून ‘परवडत नव्हतं’ हे उत्तर मला अर्धंच वाटतं. किती द्यायचं हे तिजोरी ठरवते, पण पोहोचणार का हे आधीची तयारी ठरवते. ब्राझीलने सप्टेंबरपासून रक्कम निम्मी केली आणि घटलेली गरिबी पुन्हा वाढू लागली, हेही सांगून ठेवतो. तिजोरीचा प्रश्न सुटत नाही, पुढे सरकतो.

तर आधी काय करावं? हे साथ कशी आहे यावर अवलंबून आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशव्यापी टाळेबंदी नव्हती, निर्बंध राज्यांचे होते, त्यामुळे मदतही राज्यांच्या गळ्यात पडली. महाराष्ट्राने बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना दीड-दीड हजार जाहीर केले, आणि पुन्हा अट तीच, नोंदणी हवी. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कायदा २००८ पासून होता, पण चालू नोंदणी असलेल्या त्यांच्यात फार थोड्या. साथ जूनमध्ये आली तर गाव माणसं सामावून घेतं, पेरणी असते. फेब्रुवारीत आली तर नाही.

पण कुठलीही साथ असो, मी पहिला पैसा आणि पहिला माणूस नोंदणी जिवंत ठेवण्यावर लावीन, आणि ती कामाच्या जागेशी जोडीन. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम हे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल सुरू झालं, वर्षभरात २८ कोटींवर नावं आली, ही मोठी गोष्ट आहे. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२१ चा आदेश होता, हेही विसरू नका. मात्र नाव एकदा नोंदलं की ते तसंच राहतं. तो माणूस आज कुठल्या शहरात, कोणाकडे काम करतो हे त्यावरून खात्रीने कळत नाही. मजुरी देताना नोंद ताजी झाली पाहिजे, माथाडीसारखी. शिधापत्रिका देशभर चालू लागली ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा, तिच्याच धर्तीवर बांधकामाची नोंदणीही राज्य ओलांडून चालली पाहिजे. त्यानंतर ईएसआयमधून आपोआप मिळणारा बंद-काळ भत्ता. शहरी रोजगार हमी तिसरी.

आता तुमच्या वर्कशॉपचं. चौदा माणसं म्हणजे ईएसआय लागू आहे, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के. वीसच्या खाली असलात तरी पीएफ स्वेच्छेने घेता येतो, बहुतेक कामगार तयार असले की अर्ज करा. पगार बँकेतून द्या आणि महिन्याची पावती द्या, मराठी किंवा हिंदीत, म्हणजे त्यांनाही वाचता येईल. प्रत्येकाला त्याचा विमा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवायला सांगा. परप्रांतातले किती आहेत आणि त्यांचं रेशन इथे निघतं का, हे एकदा सगळ्यांना बसवून विचारा. निघत नसेल तर बहुतेक वेळा आधार जोडणी राहिलेली असते, आणि ती दुकानातच होते. वडिलांनी ईएसआयची नोंदणी केलेली आहे की नाही हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. केलेली असेल तर २०२० मधल्या मार्च ते जून महिन्यांची चलनं काढून ठेवा आणि मला सांगा, त्यांत किती जणांची नावं होती.